टक्के, पर्सेन्टाइल आणि दोन घरांतला अबोला



कारकुनाला ‘भाऊसाहेब’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे कचेरीत कोणी विचारो न विचारो, वस्तीत आम्ही सर्वांचे भाऊसाहेब. रेशनकार्डातले चुकलेले नाव, जन्माचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, असे काही असले की माणसे आमच्या ओट्यावर येऊन बसतात. जून महिना मात्र निकालाचा. त्या महिन्यात आमच्या घरी चहाची भुकटी दुप्पट लागते, अशी सौभाग्यवतींची तक्रार आहे आणि ती खरी आहे.

२०२५ च्या जूनमध्ये सीईटीचा निकाल लागला. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलामुलींची ही राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी. निकालानंतरच्या रविवारी विहारात वंदना झाली. सतरंज्या गुंडाळत होतो तेवढ्यात वस्तीतले एक गृहस्थ कागद घेऊन पुढे आले. जळगावला डाळमिलमध्ये कामाला आहेत. त्यांचे नाव आम्ही लिहीत नाही, सोयीसाठी मामा म्हणू. म्हणाले, “भाऊसाहेब, हे काय गौडबंगाल आहे ते सांगा. माझ्या पोराला जास्त मार्क, आणि नंबर मात्र भाचीचा वर. धुळ्याच्या सेंटरवर काहीतरी वशिला झाला का?”

मामांची धाकटी बहीण धुळ्याला दिलेली. मेहुणे मार्केट यार्डात हमाली करतात. बहीण निंदणीला आणि कापूस वेचणीला जाते. त्यांची मुलगी आणि मामांचा मुलगा एकाच वर्षी बारावी सायन्सला होते. दोघांची सीईटी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रात. उत्तरतालिका आल्यावर दोघांनी आपापले मार्क मोजले. मुलाचे २०० पैकी ११२ भरले, मुलीचे १०४. मामांनी तेव्हाच घरात पेढे आणले. मग निकाल आला. मुलाचा पर्सेन्टाइल ८९.९, मुलीचा ९०.६.

रागाच्या भरात मामांनी बहिणीला फोन केला आणि तो वशिल्याचा शब्द तोंडातून गेला. बहीण म्हणाली, माझ्या पोरीचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही. फोन ठेवला तो ठेवलाच. आठ दिवस दोन्ही घरांत अबोला. मामांची म्हातारी आई मामांकडेच असते, तिला लेकीचा आवाज ऐकू येईना म्हणून ती जेवेना. प्रकरण मार्कांचे राहिले नव्हते.

आम्ही मामांना एवढेच म्हटले, की येत्या रविवारी बहिणीला आईच्या भेटीला बोलवा, पोरीलाही आणा आणि दोन्ही निकालाचे कागद समोर ठेवा. आम्ही काही फार शिकलेले नाही, बी.कॉम. आहोत. पण बेरीज-वजाबाकीत आयुष्य गेले आहे, एवढा हिशेब आम्हाला कळतो.

रविवारी सगळे जमले. आम्ही सुरुवातीलाच सांगितले, की पर्सेन्टाइल म्हणजे टक्के नव्हेत. हे एक वाक्य दरवर्षी निदान पन्नास घरांत सांगावे लागते. ९० पर्सेन्टाइल म्हणजे शंभरापैकी नव्वद मार्क नाहीत. त्या सत्राला बसलेल्या दर शंभर मुलांमागे नव्वद मुलांचे मार्क तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तो मार्कांचा आकडा नाही, रांगेतल्या जागेचा आकडा आहे. दोनशेपैकी १०४ म्हणजे ५२ टक्के, आणि त्या ५२ टक्क्यांवर पोरीला रांगेत नव्वदच्या वरची जागा मिळाली.

मामा म्हणाले, “ते ठीक. पण एकशे बारा हे एकशे चारापेक्षा मोठे की नाही?”

आम्ही म्हाताऱ्या आजींकडे वळलो. सारे आयुष्य कापूस वेचण्यात गेलेले. विचारले, आजी, तुम्ही दिवसाला किती किलो वेचायच्या? आजी म्हणाल्या, “ते वावरावर असतं बाबा. बागायती वावरात बोंडं टपोरी, चाळीस किलो सहज व्हायचे. कोरडवाहूत अठ्ठावीस झाले तरी मुकादम शाब्बास म्हणायचा.”

बस्स, हाच सीईटीचा हिशेब. चार लाखांवर मुले परीक्षा देतात. तेवढे संगणक एका वेळी मिळत नाहीत. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर आली, तेव्हापासून ती अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. कितीही काळजी घेतली तरी एक पेपर अवघड निघतो, एक सोपा. म्हणजे कोणाला कोरडवाहू वावर, कोणाला बागायती. आता अठ्ठावीस किलोवाली आणि चाळीस किलोवाली यांतली चलाख कोण, हे नुसत्या किलोवरून कसे ठरवायचे?

मुकादम शहाणा असेल तर तो काय करील? समजा दोन्ही वावरांत वीस-वीस बाया आहेत. कोरडवाहू वावरात अठ्ठावीस किलोवालीच्या बरोबरीच्या किंवा तिच्या मागे, ती स्वतः धरून, अठरा बाया आहेत. अठरा भागिले वीस गुणिले शंभर, म्हणजे नव्वद. बागायती वावरात चाळीस किलोवालीच्या बरोबरीच्या वा मागे, ती धरून, पंधराच आहेत. पंधरा भागिले वीस गुणिले शंभर, म्हणजे पंच्याहत्तर. चाळीस किलो वेचूनही ती आपल्या वावरात मधल्या फळीत आहे, आणि अठ्ठावीसवाली आपल्या वावरात पहिल्या तिघींत. सीईटीवाले हेच गणित करतात, फक्त ते दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत जाते. सगळ्या सत्रांचे आकडे मग एकत्र करून राज्याची एकच गुणवत्ता यादी लावतात. पोराचा पेपर जरा सोपा होता, पोरीचा जरा कठीण. पोराने आठ मार्क जास्त मिळवले, पण त्याच्या वावरात सगळ्यांनीच जास्त वेचले होते.

आजींनी मान डोलावली. मामा अजून गप्प होते. आणि मग आजींनी जो प्रश्न विचारला तो मोठमोठ्या क्लासवाल्यांना सुचत नाही. म्हणाल्या, “पण मुकादमानं समद्या चलाख बाया एकाच वावरात घातल्या तर? मग चांगलीसुद्धा मागं पडंल.”

आजींचे बरोबर आहे. या साऱ्या पद्धतीचा पाया एका गृहीतावर आहे : प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम आणि कच्ची मुले सारख्याच प्रमाणात आहेत. वीस बायांत हे हुकू शकते. पण एका सत्राला हजारो मुले बसतात, कोणाला कोणते सत्र ते संगणक ठरवतो, आणि एवढ्या मोठ्या संख्येत मिसळण बऱ्यापैकी सारखी होते. मूठभर धान्यात खडे कमी-जास्त येतील, पोत्यामागे पोत्यात फारसा फरक राहत नाही. तरी अगदी तंतोतंत बरोबरी होते असे आम्ही म्हणणार नाही. इथून तिथून थोडे होतच असणार, आणि थोडे म्हणजे किती ते पुढे सांगतो.

शंका घ्यायला जागाच नाही असेही नाही. २०२५ सालीच २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. मुले ओरडली, पालक ओरडले, तेव्हा सत्तावीस हजारांवर मुलांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. काही पालक म्हणाले, त्यांना आठ दिवस जास्त मिळाले. आमच्या मते त्याने फार फरक पडत नाही, कारण फेरपरीक्षेत त्याच मुलांची आपसात तुलना झाली आणि आठ दिवस सगळ्यांनाच मिळाले. पण पन्नासात एकवीस प्रश्न चुकणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, ती आहेच. शंका असली तर मुलाला उत्तरतालिका पाहता येते, आक्षेपही घेता येतो. फक्त अलीकडच्या वर्षांत एका प्रश्नाच्या आक्षेपाला हजार रुपये भरावे लागतात. हजार रुपये म्हणजे आमच्या बहिणीची कितीतरी दिवसांची निंदणी. ज्याच्या खिशात हजार आहेत त्याने प्रश्न विचारावा आणि ज्याच्या नाहीत त्याने गप्प बसावे, हे आम्हाला मान्य नाही. दुसरे म्हणजे निकालाच्या कागदावर पर्सेन्टाइल छापतात, मूळ मार्क छापत नाहीत. ते मार्कही छापले असते तर निम्मे गैरसमज जागीच मिटले असते. वशिल्याचा संशय अंधारात वाढतो.

मामांचा मुलगा इतका वेळ दाराशी उभा होता. तो म्हणाला, “काका, मला फिजिक्समध्ये ९६ आहे, केमिस्ट्रीत ९५. आत्याच्या पोरीला ८८ आणि ८६. मग ती एकूण वर कशी?”

आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवले. मुलाचे गणिताचे पर्सेन्टाइल ७४. मुलीचे ८७. इथे पालक दुसरी चूक करतात. तिन्ही विषयांच्या पर्सेन्टाइलची बेरीज करतात, तीनने भागतात, आणि उत्तर जुळले नाही की घोटाळा झाला म्हणतात. एकूण पर्सेन्टाइल हा विषयांच्या पर्सेन्टाइलची सरासरी नसतोच. तो दोनशेपैकीच्या एकूण मार्कांवरून वेगळा काढतात. मुलीचा एकूण ९०.६ हा तिच्या तिन्ही विषयांपेक्षा जास्त आहे हे पाहून तिच्या आईलाही आश्चर्य वाटले. कारण सोपे आहे. बहुतेक मुले एका विषयात पुढे तर दुसऱ्यात मागे असतात. जे मूल तिन्हीत सारखे चालते, ते एकूणात अशा कित्येकांना ओलांडते. कुस्तीत पहिला आणि पळण्यात शेवटचा अशी पुष्कळ असतात, दोन्हीत बरी असणारी थोडी.

आणि खरी मेख गणितात आहे. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न, ५० मार्क. रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, ५० मार्क. गणिताचे ५० प्रश्न, पण मार्क १००. गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन मार्कांचा. म्हणजे अर्धी परीक्षा एकट्या गणिताची. मुलाने भौतिकशास्त्रात ३८, रसायनात ३८ मिळवले, फार छान. गणितात १८ प्रश्न बरोबर, म्हणून ३६. बेरीज ११२. मुलीचे २९, ३१, आणि गणितात २२ प्रश्न बरोबर म्हणून ४४. बेरीज १०४.

आम्ही मुलाला विचारले, बाळा, गणिताचे किती प्रश्न सोडवलेच नाहीत? तो खाली बघून म्हणाला, सोळा. का रे? म्हणे, चूक झाली तर मार्क कापतात.

वाचकहो, हे ऐकून आमच्या पोटात कालवले. या मुलाने क्लासमध्ये जेईईचे पेपर सोडवले होते. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापतात. राज्याच्या सीईटीत कापत नाहीत. तिथे चुकीचे उत्तर आणि कोरी जागा यांची किंमत सारखीच, शून्य. चार पर्यायांतून डोळे मिटून एक ठोकला तरी चारात एकदा बरोबर यायचा. सोळा प्रश्नांत सरासरीने चार, म्हणजे आठ मार्क. मुलाला ते कोणी सांगितले नव्हते. त्याचे वडील डाळमिलमध्ये आणि आई चटईच्या कारखान्यात. क्लासवाल्यांनी सांगितले असेल-नसेल, त्यांच्या बोर्डावर ‘१०० पर्सेन्टाइल’वाल्यांचे फोटो लावायची घाई. (त्या शंभराचाही अर्थ दोनशेपैकी दोनशे असा नव्हे. ज्या सत्रात जो पहिला, तो त्या सत्रापुरता शंभर.)

आठ मार्कांनी काय होते? यादीच्या टोकाला फार होत नाही, तिथे माणसे विरळ असतात. पण मधल्या गर्दीत एकेक मार्क मोठा. वेचणीत बहुतेक बाया तीस ते चौतीस किलोत असतात, तिथे एक किलो जास्त वेचला की पाच जणी मागे पडतात. चार लाख मुलांत एक पर्सेन्टाइल म्हणजे चार हजार मुले. आमच्या भाचा-भाचीत फरक ०.७ चा, म्हणजे राज्याच्या यादीत सुमारे अठ्ठावीसशे जागांचा. आणि वर जे म्हटले की सत्रांची मिसळण अगदी तंतोतंत नसते, त्याचा अर्थ इथे लागतो. दशांशातल्या फरकावरून एक पोर दुसऱ्याहून हुशार, असे कोणी छातीठोक सांगू नये. प्रवेशाची यादी लावण्यापुरता तो आकडा ठीक आहे. घरात तुलना करण्यापुरता मुळीच नाही.

मामा हळूच म्हणाले, “म्हणजे धुळ्याच्या सेंटरनं नाही, माझ्या पोराच्या कोऱ्या प्रश्नांनी घात केला.” बहिणीने मान वर केली. एवढा वेळ ती भावाकडे बघत नव्हती.

गणिताबद्दल आणखी एक गोष्ट आम्ही दरवर्षी बोलतो. सीईटीत भौतिक आणि रसायन मराठीतून देता येते, उर्दूतूनही देता येते. गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच. ज्या विषयाला दुप्पट वजन, नेमका तोच इंग्रजीत. साक्री-शिरपूरकडच्या आश्रमशाळेतून किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेले मूल ‘निश्चयक’ मराठीत समजून घेऊन आलेले असते. अकरावीत एकाएकी सगळे इंग्रजीत. त्याला गणित येत नाही असे नसते, प्रश्न काय विचारला ते कळायला वेळ लागतो, आणि नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न. पर्सेन्टाइलची पद्धत कठीण आणि सोप्या पेपरातला फरक भरून काढते. पण मराठी शाळेतून आलेला आणि पहिलीपासून इंग्रजीत शिकलेला एकाच सत्रात शेजारी बसले, तर त्यांच्यातला फरक ती भरून काढत नाही. तिला तो दिसतच नाही. म्हणून आठवी-नववीत असलेल्या मुलांच्या आईबापांना आमचे सांगणे आहे, की शाळेत सेमी इंग्रजीचा वर्ग असेल तर गणितापुरता त्याचा विचार करा. नसेल तर वस्तीतल्या शिकल्या मुलांनी रविवारी विहारात बसून गणिताचे इंग्रजी शब्द पाठ करून घ्यावेत. आमच्याकडे दोन वर्षे हा वर्ग चालला, मग शिकवणारा पोरगा नोकरीला लागला आणि बंद पडला.

हा मार्क फिरवून घेण्याचा प्रकार काही आजचा नाही. आमच्या वेळी इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या ग्रुपच्या मार्कांवर होई आणि नाशिक बोर्डाचा निकाल लागला की सगळे ठरून जाई. पुढे वेगवेगळ्या बोर्डांची मुले एकाच रांगेत आली आणि भांडण सुरू झाले. २००८ साली राज्य सरकारने अकरावीच्या प्रवेशाला पर्सेन्टाइलचे सूत्र लावले, म्हणजे एसएससीचे ऐंशी आणि आयसीएसईचे ऐंशी एकाच मापाने मोजायचे. पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ते सूत्र रद्द झाले. २००९ मध्ये राज्य बोर्डाच्या मुलांना ९० टक्के जागा ठेवण्याचा निर्णय झाला, तोही रद्द. २०१० मध्ये ‘बेस्ट फाइव्ह’ आले, सहापैकी चांगले पाच विषय धरायचे. उच्च न्यायालयाने तेही फेटाळले, पण सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले आणि ते टिकले. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी इंजिनिअरिंगला निम्मे वजन जेईईचे आणि निम्मे बारावीच्या मार्कांचे होते, आणि ते बारावीचे मार्कही बोर्डाबोर्डांत समान मापावर आणून धरले जात. २०१६ पासून पुन्हा सीईटी.

ऑस्ट्रेलियासारख्या देशात तर विषयच निरनिराळे. तिथे ज्या विषयाला हुशार मुले जास्त बसतात त्याचे मार्क वर सरकतात, ज्याला कमी त्याचे खाली, आणि शेवटी ९९.९५ पर्यंतचा रांगेचा आकडा देतात. मुले मग आवड सोडून वर सरकणारे विषय शोधतात. आपल्याकडे निदान तिन्ही विषय सगळ्यांना तेच, ही एक बरी गोष्ट.

मामा जाता जाता म्हणाले, “काही म्हणा, मार्क ते मार्क.” विहाराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, आम्ही तिकडे बोट केले. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ मार्क. आजच्या हिशेबाने साडेसदतीस टक्के. आजचा एखादा क्लासवाला त्यांना आपल्या बोर्डावर जागा देणार नाही. पण त्या काळात अस्पृश्य समाजातले पोर मॅट्रिक होणे हीच एवढी मोठी गोष्ट, की चाळीतल्या लोकांनी सभा भरवून सत्कार केला. कोणत्या गर्दीत, कोणत्या वावरात मिळवले, ते पाहिल्याशिवाय मार्काला अर्थ नाही. मामा फोटोकडे बघत राहिले, काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी बसणाऱ्यांसाठी चार ओळी. सीईटीत पास-नापास नसते. ४० पर्सेन्टाइल म्हणजे काठावर पास, हे खूळ काढून टाका. बारावीला मात्र भौतिक, गणित आणि तिसरा एक विषय मिळून ४५ टक्के, आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, तेवढे नसतील तर नव्वद पर्सेन्टाइलही उपयोगाचा नाही. सीईटीच्या नादात बारावी सोडून देणारी मुले आम्ही पाहिली आहेत. पेपरात अकरावीचा भाग सुमारे वीस टक्के असतो, अकरावीची पुस्तके रद्दीत घालू नका. एकही प्रश्न कोरा ठेवू नका. २०२६ च्या परीक्षेपासून सीईटी दोनदा देता येईल आणि दोन्हींतला चांगला पर्सेन्टाइल धरला जाईल, असे शासनाने जाहीर केले आहे. दुसऱ्या खेपेची फी परवडत असेल तर ती संधी घ्यावी.

आणि एक. कॉलेजात आपल्या मुलांना टोमणा मारतात, तुम्हाला वेगळे मोजतात. वेगळे मोजत नाहीत. सत्र तेच, पेपर तोच, पर्सेन्टाइल तोच. अनुसूचित जातींच्या १३ टक्के जागांची यादी त्याच एका गुणवत्ता यादीतून निघते, आणि ज्याचा क्रमांक वर असतो तो खुल्या जागेवरही जातो.

त्या जागेसाठी लागणारा कागद मात्र वेगळा, आणि त्या रविवारी तो प्रश्न शेवटी निघाला. आम्ही मुलीला विचारले, बेटा, जात वैधता झाली का? तिच्या आईने आमच्याकडे पाहिले. जातीचा दाखला आहे, वैधता नाही. जातीचा दाखला प्रांत कचेरीतून मिळतो, त्याची पडताळणी जिल्ह्याची समिती करते, आणि प्रवेशाला ती पडताळणी लागते. काही वर्षी मुदत वाढवून देतात, त्या भरवशावर कोणी राहू नये. केंद्राच्या यादीत बौद्धांना १९९० साली स्थान मिळाले, पण पुरावा आजोबा-पणजोबांच्या जातीचा आणि १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या रहिवासाचा लागतो. तो सहसा वडिलांकडून लागतो.

मुलीच्या आजोबांचे गाव साक्री तालुक्यात. शाळेचे जुने रजिस्टर बघावे लागेल, नाहीतर तहसीलला गाव नमुना १४, म्हणजे आपले कोतवाल बुक, त्याची नक्कल काढावी लागेल. दोन-तीन हेलपाटे ठरलेले. मेहुण्यांनी एक दिवस यार्डात गैरहजेरी लावली की त्या दिवसाची मजुरी गेली. बहीण बोटांवर दिवस मोजत होती.

तेवढ्यात मामा म्हणाले, “डाळमिलला सोमवारी सुट्टी असते. मी जातो साक्रीला. भाऊसाहेब, अर्ज कसा लिहायचा तेवढे सांगा.”

अर्ज आम्ही तिथेच लिहून दिला. शेवटच्या ओळीला आजींनी लेकीचा हात धरला आणि विचारले, “ते सगळं राहू द्या. आमची पोर पास व्हयनी की नापास, तेवढंच सांगा.”